देवा, फादर दे... पण शेजारच्या घरातून!

आमच्या चर्चमध्ये दर रविवारी एक प्रार्थना होते. प्रवचन संपतं, मंडळी उभी राहतात, कुणीतरी माइकपाशी जाऊन कागदावरून एकेक मागणी वाचतं. आजाऱ्यांसाठी, पावसासाठी, दहावी-बारावीच्या मुलांसाठी, राज्यकर्त्यांना सुबुद्धी मिळावी म्हणून. या यादीत एक ओळ हमखास असते. आपल्या धर्मग्रामातून धर्मगुरू आणि धर्मभगिनी घडाव्यात, तरुण-तरुणींनी देवाची हाक ऐकावी, वगैरे. आणि सगळं चर्च एका सुरात म्हणतं की प्रभो, आमची प्रार्थना ऐक.

मी हे कळायला लागल्यापासून म्हणत आलेय. पाठ आहे. बूट चावत असताना, मोबाइल सायलेंटवर आहे ना हे चाचपतानाही म्हणता येतं. पण आता कुणी विचारलं तर सांगेन की त्या ओळीला एक न छापलेली तळटीप आहे: शक्यतो दुसऱ्याच्या घरातून.

खोटं वाटतं? मिस्सा सुटल्यावर चर्चच्या अंगणात एखाद्या आईला सहज म्हणून बघा, ‘काकू, तुमचा मुलगा किती शांत आहे हो, फादर होणार बघा!’ काकू हसतील. पण पोराचा हात जरा घट्ट धरतील.

ज्यांचा आणि चर्चचा संबंध बांद्र्याच्या मोतमावलीची जत्रा आणि चोवीस डिसेंबरची रात्र एवढाच आहे, त्यांच्यासाठी थोडं बॅकग्राउंड. आम्ही वसईचे ख्रिस्ती. घरी बोलीत भांडणारे, मिस्सा मराठीत ऐकणारे, आजीचं लाल लुगडं ट्रंकेत जपून ठेवणारे. आडनाव ऐकलं की लोक विचारतात, ‘गोव्याच्या का?’ नाही हो, विरार लोकलच्या! १५३४ मध्ये वसई पोर्तुगिजांकडे गेली, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. पोर्तुगीज गेले. चर्चं राहिली, त्यांच्याभोवतीची गावं राहिली, केळीच्या वाड्या राहिल्या आणि आम्ही राहिलो. १९९८ मध्ये मुंबईपासून वेगळा होऊन वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे हे इथल्याच भुईगावचे, आणि त्यांची डॉक्टरेट कशावर, तर तुकारामांवर.

फादर किंवा सिस्टर होण्याच्या हाकेला आमच्या मराठीत एक शब्द आहे. पाचारण. म्हणजे बोलावणं. इथे तुम्ही अर्ज करत नाही, तुम्हाला बोलावणं येतं. तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणायचं.

तीन वर्षांपूर्वी ते आमच्या घरी आलं.

माझा धाकटा भाऊ तेव्हा पंचवीसचा होता. मेकॅनिकल इंजिनिअर, ठाण्याच्या एका कंपनीत डिझाइनला. बाइकचे हप्ते चालू, शनिवारी टर्फवर फुटबॉल, वर्षातून एकदा मित्रांबरोबर हिमाचल. थोडक्यात, तुमच्याआमच्यासारखाच. एका शनिवारी जेवताना म्हणाला, ‘मी पेपर टाकतोय.’ पप्पांना वाटलं दुबई. आईला वाटलं मुलगी. मला वाटलं, हा आता कुणाबरोबर तरी स्टार्टअप काढणार आणि माझ्याकडे पैसे मागणार. तो म्हणाला, सेमिनरीत जातोय.

कंपनी सोडताना एचआरने एक फॉर्म भरायला लावला. नोकरी सोडण्याचं कारण: चांगली संधी, उच्च शिक्षण, लग्न, आरोग्य, इतर. त्याने ‘उच्च शिक्षण’वर टिक केली. अगदीच खोटं नव्हतं. चर्चच्या कायद्याप्रमाणे फादर होण्याआधी तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून किमान सहा पूर्ण वर्षं शिकावं लागतं. त्याआधी एखादं तयारीचं वर्ष, मध्ये एखादं वर्ष प्रत्यक्ष कामाचं. सगळं धरून आठ-नऊ वर्षं सहज जातात. मुंबईत गोरेगावला सेंट पायस टेन, पुण्यात नगर रोडला पेपल सेमिनरी, या या अभ्यासाच्या मोठ्या जागा. पंचविशी पूर्ण झाल्याशिवाय गुरुदीक्षा मिळतच नाही, त्यामुळे पूर्वी दहावीनंतर जाणारी मुलं आणि माझा नोकरी करून गेलेला भाऊ यांच्यात वयाचा चांगलाच फरक पडतो. तो त्याच्या बॅचचा काका आहे.

मला सगळ्यात भारी वाटलेली गोष्ट म्हणजे शेवटचा टप्पा. गुरुदीक्षेआधी उमेदवाराचं नाव त्याच्या गावच्या चर्चमध्ये पुकारलं जातं. लग्नाआधी पुकारतात ना, तसंच. कुणाला काही हरकत असेल तर येऊन सांगा. मग विधीच्या दिवशी तो वेदीसमोर जमिनीवर पालथा पडतो. अक्षरशः, कपाळ फरशीला टेकवून. आणि वर सगळं चर्च एकेका संताचं नाव घेऊन प्रार्थना करत राहतं. त्यानंतर बिशप त्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवतात. एक शब्द न बोलता. मग तिथे हजर असलेले सगळे फादर एकामागून एक येऊन तसेच हात ठेवतात. हे मी लहानपणापासून चार-पाच वेळा पाहिलंय आणि दरवेळी माझी बडबड त्या शांततेत बंद पडलीय. त्यानंतर बँड, मांडव, गावजेवण, फादरांच्या आईवडिलांना हार. आमच्याकडे नव्या फादरचं कौतुक नवरदेवापेक्षा जास्त होतं.

वसईत फादर या माणसाकडून लोकांच्या अपेक्षाही वेगळ्या असतात, हे सांगायला हवं. १९८९ च्या सुमारास वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली तेव्हा हरित वसईच्या आंदोलनात पुढे कोण होतं, तर नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. तेच ‘सुवार्ता’चे संपादक, त्यांनीच अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं आणि त्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्या निवडीला विरोध झाला, तरी ते गेले आणि बोलले. २५ जुलै २०२४ ला ते वारले तेव्हा आमच्या गावात ज्यांनी त्यांचं एकही पुस्तक वाचलेलं नव्हतं तेही रडले. त्यामुळे वसईच्या मुलाच्या डोक्यात फादर म्हणजे नुसता झगा घातलेला माणूस नसतो.

आणि गंमत बघा, वसईचा जो एकमेव संत आहे, गोन्सालो गार्सिया, तो फादर नव्हताच! तो फ्रान्सिस्कन ब्रदर होता. त्याआधी त्याने पूर्वेकडे चक्क व्यापार केला. म्हणजे करिअर चेंज. ५ फेब्रुवारी १५९७ ला जपानमध्ये नागासाकीला त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये तो संत झाला. वसईत त्याच्या नावाचं कॉलेज आहे. मी भावाला म्हटलं, ‘तू पण ब्रदर हो, लवकर संत होशील.’ तो हसला नाही.

असो. कौतुकाचा भाग झाला. आता गणित.

माझ्या आजीला सात मुलं. त्यातली मोठी मुलगी सिस्टर झाली, एक मुलगा सेमिनरीत जाऊन वर्षभरात परत आला, बाकीच्यांची लग्नं झाली, वाडी सांभाळायला दोघं उरले. त्या काळात हे बऱ्याच घरांमध्ये होतं. सातांतला एक देवाला दिला तरी घर भरलेलं राहायचं. आता आमच्या गल्लीत दोनपेक्षा जास्त मुलं असलेलं घर शोधावं लागतं. आमच्याकडे मी आणि तो. एकातला एक देणं हे वेगळंच गणित आहे, आणि हे फक्त वसईचं नाही. जगभर मोठ्या सेमिनऱ्यांमध्ये २०११ मध्ये सुमारे १,२०,००० विद्यार्थी होते, २०२२ अखेर ते १,०८,००० वर आले. सगळ्यांत जास्त गळती युरोपात, आणि म्हणूनच जर्मनीतल्या एखाद्या छोट्या गावात आज तुम्हाला भारतातून गेलेले फादर भेटू शकतात. तिथले लोकही प्रार्थना करतच असणार. त्यांना दुसऱ्याच्या घरातूनच मिळाले, थेट दुसऱ्या देशातून!

आई आमच्या वस्तीतल्या ख्रिस्ती समूहाची प्रमुख आहे. रोझरीच्या महिन्यात घरोघरी जपमाळ होते तेव्हा पाचारणासाठी जास्तीचा ‘नमो मारिया’ तीच घालते. तीस वर्षं. त्या शनिवारी ती रडली नाही, ओरडली नाही. भावाच्या पानात आणखी एक सुरमई वाढली आणि आत गेली. पुढच्या रविवारी मी तिच्या शेजारी उभी होते. आजाऱ्यांसाठी ती म्हणाली, पावसासाठी म्हणाली. ती ओळ आली आणि ती गप्प राहिली. ओठही हलले नाहीत. पुढची मागणी वाचल्यावर पुन्हा सगळ्यांबरोबर. हे कित्येक महिने चाललं. मी विचारलं नाही. एकदा भाजी निवडताना तीच म्हणाली, ‘मी खरंच मागत होते गं. फक्त आमच्याकडे एकच आहे, हे त्याला दिसत असेल असं मला वाटलं.’

पप्पांचं वेगळं. ते वर्षभर लोकांना सांगत राहिले की पोरगा ‘कोर्सला’ गेलाय.

माझ्या ऑफिसवाल्या मैत्रिणींचे प्रश्न आणखी वेगळे. पहिला: ब्रेकअप झाला होता का? (एक मुलगी होती. तिच्याबद्दल इथे एक ओळसुद्धा लिहायची मला परवानगी नाही, तिनेच सांगितलंय.) दुसरा: पगार किती? पगार म्हणावा असं काही नसतं. राहणं-जेवण चर्चचं आणि हातखर्चाला थोडं मानधन. धर्मप्रांताचे फादर दारिद्र्याचं व्रत घेत नाहीत, ते फक्त ब्रह्मचर्य आणि बिशपांच्या आज्ञेत राहण्याचं वचन देतात. कागदोपत्री तो वाडीचा वारस राहू शकतो. धर्मसंघात जाणारे मात्र दारिद्र्याचंही व्रत घेतात. तिसरा प्रश्न: मग दिवसभर करतात काय?

हा प्रश्न मलाही होता. म्हणून एका फीचरच्या निमित्ताने मी एका फादरांच्या मागे एक दिवस फिरले. सकाळी सहाची मिस्सा. साडेसातला एका म्हाताऱ्या बाईंच्या घरी कम्युनियन. नंतर ऑफिस. तिथे पहिला माणूस पासपोर्टसाठी बाप्तिस्म्याचा दाखला मागायला, दुसरी जोडी लग्नाची तारीख बदलायला, तिसरे दोघे भाऊ बांधावरून भांडत आलेले. त्या भावांना फादरांनी तासभर ऐकलं आणि शेवटी मोजणीचा नकाशा घेऊन या म्हणून सांगितलं. दुपारी शाळेच्या छपराचं कोटेशन. चारला अंत्यविधी. मेलेला मुलगा बत्तीस वर्षांचा होता, बाइकवरून पडला होता. त्याच्या बायकोला काय सांगणार? ते काहीच बोलले नाहीत, नुसते तिच्या शेजारी बसून राहिले. साडेसहाला बाप्तिस्म्याच्या पार्टीत केक कापायला, कारण नाही गेलं तर लोक वर्षभर लक्षात ठेवतात. रात्री नऊला धर्मग्राम मंडळाची मीटिंग, विषय: सणाला मंडप कुणाचा. साडेदहाला फोन, हॉस्पिटलमध्ये अभ्यंग द्यायला या. मी घरी आले. ते हॉस्पिटलला गेले. सकाळी सहाची मिस्सा होतीच. आणि एवढं सगळं मार्गी लावलं की काही वर्षांनी बिशपांचं पत्र येतं, बदली. ज्यांना बाप्तिस्मा दिला, ज्यांची लग्नं लावली, त्या सगळ्यांना टाटा करून दुसऱ्या गावात पुन्हा शून्यापासून सुरुवात. अप्रेझल नाही, हाइक नाही, वीकेण्डला तर डबल ड्युटी!

भावाला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या डिझाइनच्या जॉबमध्ये निदान रविवार तरी होता. तो म्हणाला, ‘तिथे मी सहा वर्षांत एक ब्रॅकेट डिझाइन केला असता.’ हे मला मुळीच पटलं नाही. चांगला ब्रॅकेट डिझाइन करणं हे काय कमी काम आहे? आमचं त्यावर कडाक्याचं भांडण झालं. माझं अजूनही हेच मत आहे.

आता सिस्टर मावशी. आजीची सगळ्यांत मोठी मुलगी. आम्ही भाचरं तिला असंच म्हणतो, सिस्टर मावशी. ती सत्तरच्या दशकात अठराव्या वर्षी घरून गेली. व्हीटीवर पोचवायला एक मामा, बरोबर एक पत्र्याची ट्रंक. आजोबा महिनाभर घरात कुणाशी बोलले नव्हते. पुढे नोव्हिशिएट, म्हणजे किमान एक वर्षाचा उमेदवारीचा काळ, मग काही वर्षांपुरती घेतलेली व्रतं, मग कायमची. नर्सिंग शिकली आणि मध्य भारतातल्या एका मिशन हॉस्पिटलात लेबर रूम सांभाळत राहिली. तिच्या हातून किती मुलं जन्माला आली, तिनेही मोजलेलं नाही.

तिच्या कायमच्या व्रतांच्या दिवशी बँड नव्हता. मांडव नव्हता. घरातली चार माणसं जाऊन आली. मी एकदा विचारलं, का गं? तर म्हणाली, ‘मुलगी जातेच ना घरातून. त्यात वाजवायचं काय?’ ती हे हसत म्हणाली, पण मला ते चांगलंच झोंबलं. ती मिस्सा अर्पण करू शकत नाही, कुमसार ऐकू शकत नाही. एखाद्या तिशीतल्या फादरच्या मिस्सेला ती साठीनंतरही पहिल्या बाकावर बसते. आणि तरी, जगभर सिस्टर्सची संख्या फादरांपेक्षा जास्त आहे: २०२२ अखेर सुमारे ४ लाख ७ हजार फादर आणि सिस्टर्स ६ लाखांच्या जरा खाली. शाळा, दवाखाने, अनाथाश्रम कुणाच्या जिवावर चालतात, हे सांगायला आकड्यांची गरजही नाही.

यातली एक गोष्ट पगारातून कर कापला जाणाऱ्यांना आवडेल. अनुदानित शाळांत शिकवणाऱ्या सिस्टर्स आणि फादरांच्या पगारातून टीडीएस कापायचा की नाही, यावर वर्षानुवर्षं खटला चालला. त्यांच्या बाजूने म्हणणं होतं की दारिद्र्याचं व्रत घेतलेली व्यक्ती चर्चच्या कायद्याप्रमाणे संसाराला मेलेली असते, पगार तिच्या हातात राहतच नाही, तो संस्थेकडे जातो. मग कर कुणाला लावणार? नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने हे मानलं नाही. पगार तो पगार, टीडीएस कापायचा. मी मावशीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे सरकारच्या हिशेबाने आम्ही जिवंत आहोत तर!’ आणि खो खो हसली.

तिला मी अवघड प्रश्नही विचारलाय. २०१८ मध्ये केरळात एका सिस्टरने बिशपांवर बलात्काराची तक्रार केली, तिच्या मैत्रिणी कोचीत रस्त्यावर येऊन बसल्या, बिशपांना अटक झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये कोर्टाने त्यांना निर्दोष सोडलं. हे सगळं टीव्हीवर चालू असताना मी मावशीला विचारलं होतं, तुम्ही लोक काय म्हणता? फोनवर बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाली, ‘त्या पोरी तिथे बसल्या होत्या तेव्हा मी आमच्या चॅपलमध्ये त्यांच्यासाठी बसले होते. आमच्या मदरला माहीत नाही.’ आणि विषय बदलला. आज्ञापालन नावाचं जे तिसरं व्रत आहे ते बाहेरून दिसतं त्यापेक्षा खूप जड असावं. माझ्या भावाने मला कितीही समजावलं तरी मला त्याची भीतीच वाटते. कुणाचं ऐकायचं आणि किती, हे ज्याच्या त्याच्या हातात राहिलं पाहिजे, अशा मताची मी आहे.

भावाचं कळल्यावर आख्ख्या नातेवाइकांत मावशीचा फोन सगळ्यांत छोटा होता. अभिनंदन नाही, रडारड नाही. आईला म्हणाली, ‘आत्ताच पेढे वाटू नका. आणि तो परत आला, तर दारात उभं करून काही विचारू नका.’

परत येणं. यावर आमच्याकडे कुणी बोलत नाही. आठ-नऊ वर्षं दिलेलीच असतात ती नीट पारखून घेण्यासाठी; त्याने चर्चला आणि चर्चने त्याला. मध्येच कुठल्याही दिवशी तो उठून येऊ शकतो, आणि तेही त्याला घरी जा म्हणू शकतात. खरं अवघड होतं ते गुरुदीक्षेनंतर. तेव्हा ब्रह्मचर्याच्या बंधनातून मोकळं करायचा अधिकार फक्त पोपना असतो. म्हणजे नियम असं म्हणतात की बाबा, निघायचं असेल तर आधी नीघ. पण गावाला नियम कुठे माहीत असतात? आमच्या ओळखीतला एक जण पाच वर्षांनी परत आला. हुशार, तीन भाषा बोलणारा, सुंदर गाणारा. त्याला आजही नाक्यावर ‘काय फादर!’ म्हणून हाक मारतात. त्याच्या आईने वर्षभर सकाळची मिस्सा सोडून संध्याकाळची धरली, कारण सकाळच्या मिस्सेला ओळखीचे जास्त असतात. तो मला म्हणाला, ‘पाच वर्षांनंतर मला नीट कळलं की हे माझं नाही. हे कळण्यासाठीच तर ती वर्षं होती. पण मी जाताना माझ्या नावाचा फलक लावला होता गं चर्चबाहेर.’ आता तो एका बँकेत आहे, लग्न झालंय, चर्चच्या गायकवृंदात गातो. मागच्या वर्षी मी त्याच्यावर एक लेख लिहू म्हणून विचारलं. नको म्हणाला.

माझा भाऊ गेला तेव्हा आईने फलक लावू दिला नाही. चर्चमधले लोक नाराज झाले. मला आई इतकी आवडली त्या दिवशी!

आणि माझं काय? कारण घरातला एक जण देवाच्या ऑफिसात गेला की बाकीच्यांच्या जॉब प्रोफाइलमध्ये गुपचूप बदल होतो. पप्पांना साखर आहे. आईचे गुडघे. वाडीतल्या नारळांचा हिशेब, पतपेढीचं पासबुक, वीजबिलाची तक्रार. हे सगळं आधी दोघांत वाटून जायचं, निदान तसं ठरलेलं होतं. मला पुण्यात एका मासिकात नोकरी मिळत होती. मी गेले नाही. कुणी थांब म्हटलं नाही, कुणी जा असंही म्हटलं नाही. लग्नाचं बोलणं निघालं की मी आता मुलगा कुठे राहतो हे आधी विचारते. नायगावच्या पलीकडचा असेल तर मी लगेच नको म्हणत नाही, पण गप्प होते. बोलावणं त्याला आलं, मला फक्त सीसीमध्ये ठेवलं गेलं. आणि सीसीवाल्याला रिप्लाय करायचा असतो की नाही, हे मला आजपर्यंत कुठल्याच ऑफिसात नीट समजलेलं नाही.

हे मी भावाला सांगितलं. मागच्या दिवाळीत, सेमिनरीत त्याला भेटायला गेले तेव्हा. छोटी खोली, एक पलंग, एक टेबल, खिडकीत वाळत घातलेला फुटबॉलचा जुना टी-शर्ट. मोबाइल ठरावीक वेळीच मिळतो, त्यामुळे तो माणसाशी बोलताना माणसाकडे बघतो, हे माझ्या लक्षात आलं. मला वाटलं तो आता काहीतरी आध्यात्मिक सांगेल. देव सगळ्यांची काळजी घेतो वगैरे. तसं काही म्हणाला असता तर मी उठून आले असते. तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, ‘हे मी तुला आधी विचारायला हवं होतं.’ मी म्हटलं, विचारलं असतंस आणि मी नाही म्हटलं असतं तर? तर म्हणाला, ‘तरी गेलो असतो.’ मला त्याचा राग आला आणि तो खरं बोलला याचं बरंही वाटलं. मग आम्ही मेसमध्ये जाऊन पाणीदार डाळ प्यायलो.

तो सध्या तत्त्वज्ञानाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. होईल की नाही माहीत नाही. अजून पाच-सहा वर्षं आहेत. पप्पा आता ‘कोर्स’ म्हणत नाहीत, ‘सेमिनरी’ म्हणतात, पण आवाज जरा खाली घेऊन. मे महिन्यात त्याला तीन आठवडे सुट्टी आहे आणि त्याच वेळी सिस्टर मावशीही घरी येणार आहे, त्यामुळे पंख्याखालची खोली कुणाला यावर आतापासून चर्चा चालू आहे. विहिरीवरचा पंप महिनाभर बंद पडलाय. मी दोनदा म्हटलं, मेकॅनिकला फोन करते. पप्पा म्हणाले, ‘कशाला? इंजिनिअर येतोय ना.’ तोवर केळींना पाणी मी घालतेय, बादलीने.